आराम, वेग आणि पंक्चर: नवी मुंबईतील सायकल-टायरच्या निवडीचा आढावा

प्रश्न नेमका कोणता

सायकलच्या टायरकडून तीन अपेक्षा असतात: रस्त्याचे हादरे मनगटापर्यंत आणि पाठीपर्यंत कमी पोहोचावेत, पायांनी लावलेला जोर वाया जाऊ नये आणि वाटेत पंक्चर होऊ नये. या तिन्ही अपेक्षांची आपसात कायमची ओढाताण असते, एक साधायची तर दुसरीवर पाणी सोडावे लागते, ही समजूत सायकलच्या दुकानांत पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. गेल्या वीसेक वर्षांत तिचा निम्मा भाग मोडीत निघाला, कारण आराम आणि वेग यांच्यातील वैर बरेचसे कल्पित होते असे प्रयोगांतून दिसून आले. उरलेला निम्मा भाग, म्हणजे पंक्चरपासूनचे संरक्षण आणि बाकीचे दोन गुण यांच्यातील तंटा, मात्र तसाच उभा आहे. आणि नवी मुंबईसारख्या शहरात टायरची निवड प्रत्यक्षात त्याच तंट्यावर ठरते.

या प्रश्नासाठी नवी मुंबई हे सोयीचे उदाहरण आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने आखून वसवलेले हे शहर असल्याने येथील रस्ते रुंद आहेत, चढ-उतार मोजके आहेत, आणि वाशीपासून बेलापूरच्या किल्ले गावठाणापर्यंत जाणारा सुमारे १० किलोमीटरचा पामबीच मार्ग पहाटेच्या सायकलस्वारांना सलग डांबरी पट्टा पुरवतो. त्याच शहराच्या दुसऱ्या अंगाला ठाणे-बेलापूर रस्त्याचे काँक्रीट, त्याला लागून असलेली टीटीसी औद्योगिक वसाहत, एपीएमसीची घाऊक बाजारपेठ, कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार आणि १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदराकडे रात्रंदिवस वाहणारी कंटेनरची रांग आहे. यात जून ते सप्टेंबरचा कोकणी पाऊस मिळवला की एकाच टायरला एकाच वर्षात किती निरनिराळ्या परीक्षा द्याव्या लागतात याची कल्पना येते.

टायर घेणारेही एका जातीचे नाहीत. पहाटे पामबीचवरून निघून पनवेलमार्गे जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने खोपोलीपर्यंत जाऊन येणारे (द्रुतगती मार्गावर सायकलीला मज्जाव आहे) रोड बाइकवाले, स्टेशन किंवा कार्यालय गाठण्यासाठी हायब्रिड सायकल वापरणारे, आणि दूध, वर्तमानपत्रे, रात्रपाळीचा पहारा यांसाठी काळी दांड्याची सायकल चालवणारे, असे तीन ढोबळ गट पडतात. टायरविषयी जे काही लिहिले-बोलले जाते त्यातील बहुतेक पहिल्या गटासाठी असते, थोडे दुसऱ्यासाठी. तिसरा गट संख्येने लहान नसूनही चर्चेत जवळजवळ कधीच येत नाही.

पार्श्वभूमी

हवेच्या टायरची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्येच पेटंट करून ठेवली होती, पण तिला बाजार मिळाला तो १८८८ मध्ये बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी तीच कल्पना स्वतंत्रपणे पुन्हा मांडल्यावर. डनलॉप यांचा टायर भरीव रबरापेक्षा मऊ तर होताच, पण शर्यतीत तो वेगवानही ठरला, आणि आराम व वेग एकत्र नांदू शकतात याचा पहिला पुरावा तेव्हाच समोर आला होता. अडचण निघाली ती पंक्चरची. टायर रिंगला चिकटवलेला असल्याने तो सोडवून ट्यूबला ठिगळ लावणे तासन्‌तासांचे काम होते. मिशलँ बंधूंनी १८९१ मध्ये सहज काढता-घालता येणारा टायर आणला आणि त्याच वर्षीच्या पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस या सुमारे १२०० किलोमीटरच्या शर्यतीत शार्ल तेराँ याने तो वापरून विजय मिळवला. प्रश्नाचे तिन्ही कोपरे अशा रीतीने पहिल्या चार वर्षांतच स्पष्ट झाले होते.

भारतात रुळली ती इंग्रजी धाटणीची रोडस्टर, म्हणजे सरळ बसून चालवायची, जड बांध्याची सायकल. तिचा २८ बाय दीड इंची टायर सुमारे ४० मिलिमीटर रुंद असतो आणि ६३५ मिलिमीटर व्यासाच्या रिंगवर बसतो. रोड बाइक आणि हायब्रिडच्या ‘७००-सी’ रिंगचा व्यास मात्र ६२२ मिलिमीटर असतो. टायरच्या बाजूवर ३७-६२२ असे जे छापलेले असते त्यातील पहिला आकडा रुंदीचा आणि दुसरा रिंगच्या व्यासाचा, आणि खरेदी करताना इंचांपेक्षा हीच जोडी पाहणे शहाणपणाचे, कारण २८ इंची म्हणून विकला जाणारा रोडस्टरचा टायर हायब्रिडच्या रिंगवर बसत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लुधियाना हे सायकल आणि सायकल-टायर यांचे देशातील मोठे केंद्र बनले, आणि रॅल्सन, मेट्रो यांसारख्या तेथील उत्पादकांचे जाड, स्वस्त, टिकाऊ टायर गावोगावी पोहोचले. त्या काळात निवडीचा प्रश्न फारसा नव्हता. दुकानात असेल तो टायर घ्यायचा आणि त्याचा पार गोटा होईपर्यंत, म्हणजे नक्षी झिजून तो गुळगुळीत होईपर्यंत, वापरायचा. निवडीचा प्रश्न उभा राहिला तो गेल्या दोन दशकांत गिअरच्या सायकली आणि आयात टायर आल्यावर.

जोर कुठे जातो

वादाच्या बाजू समजण्यासाठी थोडे यंत्रशास्त्र आवश्यक आहे. चाक फिरताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग दबतो आणि पुढच्या क्षणी मोकळा होतो. दबताना रबराने घेतलेली ऊर्जा मोकळे होताना पूर्णपणे परत मिळत नाही. काही भाग उष्णतेत जातो आणि तेवढा जोर सायकलस्वाराच्या पायांतून वजा होतो. या तोट्याला लोटण-रोध म्हणता येईल. तो एका गुणांकाने मोजतात, आणि चांगल्या शर्यतीच्या टायरसाठी हा गुणांक ०.००५ च्या आसपास किंवा त्याहून कमी, तर जाड, संरक्षक टायरसाठी ०.००९ पर्यंत जाऊ शकतो.

आकडे कागदावर क्षुल्लक दिसतात, पण त्यांचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो वजन धरले, तर ताशी २५ किलोमीटर वेगाला पहिल्या टायरमागे सुमारे २७ वॅट आणि दुसऱ्यामागे सुमारे ४९ वॅट खर्च होतात, तर त्याच वेगाला पुढे वाकून बसलेल्या स्वाराला हवेशी झगडण्यासाठी ८० वॅटच्या आसपास लागतात. ताशी १५ किलोमीटरला टायरचा खर्च अनुक्रमे १६ आणि २९ वॅट होतो, पण ताठ बसूनही हवेचा खर्च २० वॅटच्या घरात येतो, कारण हवेचा रोध वेगाबरोबर फार झपाट्याने वाढतो. म्हणजे वेगवान स्वाराला जड टायरमुळे सुमारे एक पंचमांश जादा जोर लावावा लागतो, तर संथ स्वाराला एक तृतीयांशाहून अधिक. ‘हलका टायर शर्यतवाल्यांसाठी, ऑफिसला जाणाऱ्याला कसलाही चालतो’ हे दुकानातले नेहमीचे वाक्य या हिशेबापुढे टिकत नाही. संथ स्वाराला तो जादा जोर घड्याळात दिसत नाही, मांड्यांत जाणवतो, एवढाच फरक.

हा तोटा ठरतो तो मुख्यतः टायरच्या कापडी सांगाड्यावर आणि त्यावरच्या रबराच्या जाडीवर. सांगाडा नायलॉन किंवा तत्सम धाग्यांचा विणलेला असतो आणि त्याची बारकाई इंचातील धाग्यांच्या संख्येने सांगतात: साध्या टायरला ३० च्या आसपास, मधल्या प्रतीच्या टायरला ६०, महागड्याला १२० किंवा अधिक. मात्र काही उत्पादक सांगाड्याच्या एकावर एक येणाऱ्या थरांचे धागे एकत्र मोजून आकडा फुगवतात, त्यामुळे दोन कंपन्यांच्या टायरची तुलना करण्यास ही संख्या तितकीशी विश्वासार्ह नाही. बोटांनी टायरची बाजू चिमटीत धरून वाकवून पाहणे ही जुनीच परीक्षा अजूनही उपयोगी पडते.

अरुंद आणि कडक, की रुंद आणि मऊ

पहिली भूमिका जुनी आहे आणि शतकभर ती जवळजवळ निर्विवाद होती. टायर जितका अरुंद आणि हवा जितकी टाइट तितका तो कमी दबतो, म्हणून वेग अधिक, असा तिचा युक्तिवाद. नव्वदच्या दशकात शर्यतीच्या सायकलींना २३ मिलिमीटर किंवा त्याहूनही अरुंद टायर असत आणि त्यांत १०० ते १२० पीएसआय हवा भरली जाई. या भूमिकेला प्रयोगशाळेचा आधारही होता, कारण गुळगुळीत पोलादी ढोलावर टायर फिरवून मोजले असता हवा वाढवत नेल्यास रोध घटतच जातो.

दुसऱ्या भूमिकेने आक्षेप घेतला तो ढोलाच्या गुळगुळीतपणावर. अमेरिकेत ‘बायसिकल क्वार्टर्ली’ या नियतकालिकाचे संपादक यान हाइना यांनी २००६ च्या सुमारास प्रत्यक्ष रस्त्यावर, सायकलीवर खरा माणूस बसवून टायर तपासण्यास सुरुवात केली. त्यांना असे आढळले की खडबडीत पृष्ठभागावर कडक टायर प्रत्येक उंचवट्यावर संपूर्ण सायकल आणि स्वार यांना वर उचलतो आणि ती ऊर्जा स्वाराच्या स्नायूंत व मांसात घुसळून नष्ट होते. मऊ टायर तोच उंचवटा आपल्या पोटात घेतो. पुढे सिल्का या पंप बनवणाऱ्या कंपनीचे जॉश पोर्टनर यांनी हेच अधिक नेमके मांडले: हवा वाढवत नेली की रोध एका बिंदूपर्यंत हळूहळू घटतो आणि त्या बिंदूनंतर एकदम चढू लागतो, त्यामुळे हवा थोडी कमी राहिल्यास नुकसान किरकोळ असते, पण तेवढीच जास्त झाल्यास मोठे. रस्ता जितका खडबडीत तितका हा बिंदू खाली सरकतो. व्यावसायिक शर्यतींतील संघ २३ वरून २५ आणि आता २८ किंवा त्याहून रुंद टायरवर आले, यात या निष्कर्षांचा वाटा मोठा आहे.

नवी मुंबईच्या संदर्भात या दोन भूमिकांपैकी दुसरीकडे पारडे झुकते हे सांगण्यास फार धीटपणा लागत नाही. पामबीचचा डांबरी पट्टा वगळला, तर उड्डाणपुलांचे सांधे, काँक्रीटच्या पट्ट्यांमधील फटी, सेक्टरांच्या आतल्या रस्त्यांवरील उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि वेगाला आळा घालणारे रम्बलर यांतून वाट काढताना २३ मिलिमीटरचा टायर ना आराम देतो ना वेग. तरीही पहिली भूमिका अगदीच मावळलेली नाही, आणि तिच्या बाजूने एक व्यावहारिक मुद्दा उरतो: जुन्या रोड बाइकच्या फ्रेममध्ये आणि ब्रेकच्या कमानीत २५ किंवा फार तर २८ मिलिमीटरच्या वर टायर मावतच नाही. रुंदीचा सल्ला अशा सायकलीच्या मालकाला नवी सायकल घेण्याचा सल्ला ठरतो.

हवा किती भरावी याविषयी सर्वाधिक उद्धृत होणारा निकष अमेरिकन अभियंता फ्रँक बर्टो यांचा आहे: वजन पडल्यावर टायरची उंची सुमारे १५ टक्क्यांनी दबली पाहिजे. मागच्या चाकावर ५० किलो भार येत असेल तर या निकषाने २८ मिलिमीटरच्या टायरला साधारण ८० आणि ३७ मिलिमीटरच्या टायरला ४५ ते ५० पीएसआय पुरते. पहिल्या स्थितीत टायर जमिनीला सुमारे ९ चौरस सेंटिमीटर टेकतो, दुसऱ्या स्थितीत १४ ते १६. दोन्ही टायरना सारखीच हवा भरणे ही सर्रास होणारी चूक आहे, कारण एकाच दाबाला रुंद टायरच्या कापडावर ताण अधिक येतो आणि तो दगडासारखा लागतो; मग ‘रुंद टायर घेऊनही फरक पडला नाही’ अशी तक्रार ऐकू येते.

डोंगरी धाटणीच्या सायकलींना येणारे जाड गुठळ्यांच्या नक्षीचे टायर या चर्चेत कोठे बसतात, असा प्रश्न रास्त आहे, कारण शहरात अशा सायकली खूप दिसतात. चिखलासाठी बनवलेल्या त्या गुठळ्या डांबरावर नुसत्या वाकतात, आवाज करतात आणि जोर खातात. खारघरच्या टेकड्यांतील पायवाटांवर जाणाऱ्याने त्या ठेवाव्यात. इतरांसाठी त्याच रिंगवर बसणारा गुळगुळीत टायर हा बहुधा सर्वांत स्वस्तातला लाभ असतो.

पंक्चर कशामुळे होते

येथून पुढे आयात केलेली चर्चा अपुरी पडू लागते. युरोपातील लेखनात पंक्चरचे मुख्य गुन्हेगार म्हणजे काच आणि गारेचे टोकदार खडे. नवी मुंबईत काच आहेच, पण महामार्गांच्या कडेला तिच्यापेक्षा धोकादायक ठरते ती ट्रकच्या टायरची तार. रेडियल टायरच्या सांगाड्यात पोलादी तारांचे पट्टे असतात. असा टायर फुटला की रबराच्या चिंध्यांबरोबर केसाएवढ्या जाडीचे तारेचे तुकडे रस्त्यावर पसरतात. वाहनांच्या वाऱ्याने ते डाव्या कडेला लोटले जातात, आणि सायकलस्वाराची जागा नेमकी तीच. सायन-पनवेल महामार्ग, उरण-पनवेल रस्ता आणि कळंबोलीच्या परिसरात अवजड वाहतूक जितकी दाट तितकी ही तार अधिक. औद्योगिक वसाहतीच्या आतल्या रस्त्यांवर तिच्या जोडीला भंगाराच्या गाड्यांतून सांडलेला लेथचा पोलादी कीस असतो.

तारेचे वैशिष्ट्य असे की ती एका झटक्यात आत शिरत नाही. ती रबरात रुतते, प्रत्येक फेऱ्याबरोबर कणभर आत सरकते आणि काही किलोमीटरनंतर ट्यूबपर्यंत पोहोचते, तेव्हा हवा हळूहळू उतरते आणि कारण सापडत नाही. अनुभवी पंक्चरवाला अशा वेळी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुड्याची जागा पाहतो, ट्यूब टायरवर मूळच्याच रीतीने ठेवून व्हॉल्व्हपासून त्या जागेचे अंतर जुळवतो, टायरचा तो भाग उलटा वाकवून आतून बोट फिरवतो, आणि टोक जाणवले की ते चिमट्याने बाहेरच्या बाजूने ओढून काढतो. मग ट्यूब कानशीने घासून, सोल्यूशन लावून, ते सुकू देऊन ठिगळ ठोकले जाते. तार न शोधता नुसती ट्यूब बदलली तर थोड्याच अंतरावर त्याच जागी दुसरे पंक्चर ठरलेले, आणि ‘टायरच खराब’ असा निष्कर्ष बऱ्याचदा अशा दुसऱ्या पंक्चरनंतर काढला जातो.

दुसरा प्रकार चेंगरण्याचा. हवा कमी असताना चाक खड्ड्याच्या कडेवर आदळले की रिंग आणि कड यांच्यात ट्यूब चिमटली जाते आणि तिला शेजारीशेजारी दोन छेद पडतात. यावर कोणतेही संरक्षक पट्टे उपयोगी नाहीत. उपाय रुंदी आणि योग्य हवा हाच. रुंद-मऊ पक्षाच्या विरोधकांचा येथे एक बळकट मुद्दा आहे: मऊ हवेचा सल्ला पाळणारा स्वार पाण्याने भरलेल्या, खोली न दिसणाऱ्या खड्ड्यात उतरला तर चेंगरण्याचे पंक्चर त्याच्याच वाट्याला येते, आणि पावसाळ्यात असे खड्डे ही अपवादाची बाब नसते.

पाऊस आणखी एका रीतीने पंक्चर वाढवतो. पाणी रबर आणि काच यांच्यात वंगणाचे काम करते, त्यामुळे ओला टायर कोरड्यापेक्षा सहज कापला जातो. शिवाय खड्डे बुजवण्यासाठी टाकलेली खडी सुटून कडेला जमते. ओल्या रस्त्यावर नक्षीदार टायर लागतो या प्रचलित समजुतीला मात्र आधार नाही. टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबावर अवलंबून असतो, आणि विमानांसाठी वापरल्या जाणाऱ्या सूत्राने ६० पीएसआयला तो ताशी १२० किलोमीटरहून अधिक येतो. सायकल घसरते ती पांढऱ्या पट्ट्यांवर, गटाराच्या लोखंडी झाकणांवर आणि शेवाळलेल्या काँक्रीटवर, आणि तेथे पकड देते ते रबराचे मिश्रण, खाचा नव्हेत.

संरक्षणाचे चार मार्ग

पहिला मार्ग चिलखताचा. टायरच्या नक्षीखाली अरॅमिड किंवा तत्सम चिवट धाग्याचा पट्टा घालतात. अरॅमिडमधील सर्वांत परिचित नाव केव्हलार, ज्याचा शोध ड्युपाँ कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये लावला. कॉन्टिनेंटलच्या गेटरस्किनसारखे टायर या पठडीतील. श्वाल्बेच्या मॅरेथॉन प्लसमध्ये याहून पुढे जाऊन सुमारे ५ मिलिमीटर जाडीचा लवचिक रबराचा थर दिलेला असतो आणि छोटी तार वा काच त्या थरातच अडकून राहते. किंमत द्यावी लागते ती वजनात आणि लोटण-रोधात: शर्यतीचा २८ मिलिमीटरचा टायर अडीचशे ग्रॅमच्या आसपास असतो, तर असा चिलखती टायर पाऊण किलोच्या घरात जातो. येथे तंटा खरा आहे. जो थर तारेला अडवतो तोच थर वाकताना ऊर्जा खातो आणि टायरला ताठर करतो, म्हणजे संरक्षण वाढले की वेग आणि आराम दोन्ही एकदम घटतात. रुंदी वाढवून आरामाची थोडी भरपाई करता येते. वेगाची येत नाही.

दुसरा मार्ग ट्यूबलेसचा. माविक कंपनीने १९९९ मध्ये डोंगरी सायकलींसाठी आणि हचिन्सन-शिमानो यांनी २००६ मध्ये रोड बाइकसाठी ही पद्धत बाजारात आणली. टायरच्या आत लॅटेक्सचे पातळ द्रव्य असते. छिद्र पडले की ते बाहेर येताना गोठून छिद्र बुजवते. ट्यूबच नसल्याने ट्यूब चेंगरण्याचे पंक्चर संपते आणि हवा निर्धास्त कमी ठेवता येते. तारेच्या बारीक छिद्रांसाठी तर ही पद्धत जणू बेतलेलीच आहे. तिच्या समर्थकांच्या मते तंटा येथेच मिटतो. साशंक पक्षाची हरकत यंत्रशास्त्रीय नसून घरगुती आहे: उष्ण हवेत द्रव्य लवकर वाळते आणि ते वेळोवेळी ओतावे लागते, टायर पहिल्यांदा रिंगवर बसवताना कॉम्प्रेसरचा जोरदार झोत लागतो, आणि पेट्रोल पंपावरील नळी सायकलच्या बारीक व्हॉल्व्हला पितळी अडॅप्टरशिवाय लागत नाही. स्कूटरचे ट्यूबलेस टायर चिकट दोरी खुपसून दुरुस्त करणारे दुकान कोपऱ्याकोपऱ्यावर आहे, पण त्या दुकानातील जाड सुई सायकलच्या पातळ टायरला भलेमोठे भोक पाडते.

तिसरा मार्ग भरीव टायरचा. २०१८ मध्ये पुण्यात आलेल्या मोबाइकच्या सामायिक सायकलींना असे बिनहवेचे टायर होते, कारण हजारो सायकलींची पंक्चरे काढत बसणे कोणत्याही कंपनीला परवडणारे नसते. डनलॉपपूर्व काळाकडे परत जाण्याचा हा मार्ग देखभालीचा प्रश्न सोडवतो, पण हादरे आणि रोध यांची किंमत चालवणाऱ्यावर ढकलतो; स्वतःच्या सायकलीसाठी तो निवडणारे विरळाच.

चौथा मार्ग जुगाडाचा, आणि तो सर्वांत व्यापक आहे. जुनी ट्यूब उभी चिरून टायर आणि नव्या ट्यूबच्या मध्ये घालणे, फाटलेल्या जागी जुन्या टायरचा तुकडा, म्हणजे गेटर, आतून बसवणे, बाजारात मिळणारी प्लास्टिकची पट्टी सारणे, हे सारे प्रकार पंक्चरवाल्यांच्या कसबाचा भाग आहेत. वजन वाढते, पट्टीची कड कधीकधी ट्यूबलाच घासते, पण खर्च नाममात्र असतो. चाचणीसाहित्यात या मार्गाची दखल घेतलेली फारशी दिसत नाही.

वेळेचा हिशेब

संरक्षणासाठी किती वेग द्यावा, या प्रश्नाचे उत्तर टायरवर कमी आणि पंक्चर झाल्यावर काय होणार यावर अधिक अवलंबून असते. ऑफिसला निघालेल्या माणसाला नेरूळ किंवा कोपरखैरण्यात हाकेच्या अंतरावर दुकान मिळते, पण सकाळी सहा वाजता मिळत नाही. उलट ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत २०० ते ६०० किलोमीटर पुरे करण्याचे जे उपक्रम देशात सुमारे दीड दशकापासून चालतात, त्यांत २०० किलोमीटरला साडेतेरा तास आणि ६०० ला ४० तास मिळतात आणि नियंत्रण-ठाण्यांव्यतिरिक्त बाहेरची मदत घेता येत नाही. सराईत स्वाराला ट्यूब बदलायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. वर मांडलेल्या २२ वॅटच्या फरकाने २०० किलोमीटरच्या फेरीत यापेक्षा कितीतरी अधिक वेळ जातो, म्हणून या गटातील एक पक्ष वेगवान टायर आणि दोन जादा ट्यूब बरोबर ठेवण्याच्या बाजूचा आहे. दुसरा पक्ष म्हणतो की रात्री दोन वाजता, पावसात, कंटेनरच्या झोतात महामार्गाच्या कडेला बसून ट्यूब बदलण्याची किंमत मिनिटांत मोजता येत नाही. दोघांचाही हिशेब आपापल्या जागी बरोबर आहे. एकट्याने किंवा रात्री जाणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत दुसऱ्या पक्षाचा युक्तिवाद अधिकच वजनदार ठरतो, आणि टायरच्या परीक्षणांत त्याला कोठे रकाना नसतो.

जे अजून सुटलेले नाही

रुंदीच्या वादात आता मतभेद उरला तो अंशांचा. पंक्चर-प्रतिकार कसा मोजावा यावर मात्र एकमत नाही. प्रचलित चाचण्यांत टायरमध्ये सुई किंवा पाते दाबून ते आरपार जाण्यास किती बल लागते हे पाहतात; काचेसाठी ही पद्धत ठीक आहे, पण शेकडो फेऱ्यांत कणाकणाने आत जाणाऱ्या तारेचे वर्तन एका दाबात कळत नाही. जो टायर सुईच्या चाचणीत पहिला येतो तोच कळंबोलीच्या कडेला पहिला येईल असे म्हणण्यास आधार नाही.

ट्यूबलेसच्या संदर्भात रिंगच्या कडेला आतून टायर अडकवणारा आकडा (हुक) असावा की नसावा, हा नवा वाद आहे. बिनआकड्याच्या रिंगवर दाबाची मर्यादा ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय, ठरवलेली आहे. पहाटे भरलेली हवा दुपारच्या उन्हात काही पीएसआयने वाढते, त्यामुळे वजनदार स्वार आणि २८ मिलिमीटरचा टायर अशी जोडी या मर्यादेच्या फार जवळ जाऊ शकते. रुंद टायर घेतल्यास ही अडचण राहत नाही.

सर्वांत मोठी उणीव भाराच्या बाबतीत आहे. उपलब्ध कोष्टके आणि चाचण्या बहुतांशी एका माणसाचे वजन गृहीत धरतात. ६५ किलोचा दूधवाला, २० किलोहून जड सायकल आणि मागे लटकवलेले २०-२० लिटरचे दोन कॅन मिळून मागच्या चाकावर ९० किलोंच्या आसपास भार येतो. बर्टो यांचा निकष लावला तर ४० मिलिमीटरच्या टायरलाही ८० च्या आगेमागे पीएसआय लागतील, पण जाड सुती वा नायलॉनी सांगाड्याचा स्वस्त टायर तेवढ्यासाठी बनवलेला असतोच असे नाही. शिवाय त्या सायकलीच्या जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हमध्ये, ज्यात रबराची बारीक वालट्यूब असते, आतला दाब मोजण्याची सोयच नसते. हातपंपाला जोर लागेनासा होईपर्यंत हवा भरायची आणि अंगठ्याने दाबून पाहायची, एवढेच त्याच्या हाती असते. काही शे रुपयांच्या टायरला असा भार किती किलोमीटर पेलतो, त्यात तारेचा वाटा किती आणि बाजूच्या कापडाला पडणाऱ्या चिरांचा किती, हे टीटीसी वसाहतीच्या फाटकाबाहेर बसणारा पंक्चरवाला बहुधा सांगू शकेल. त्याच्याकडील ही माहिती टायरविषयीच्या चर्चेत अद्याप आलेली नाही.